माशी बांधणारी मेगन

आमच्या घरात मासा शिजत नाही. सासूबाई होत्या तोवर तर मासळीबाजाराच्या रस्त्यानेसुद्धा जायचं नाही, असा दंडक होता. तेव्हा मी मासेमारीवर लिहायला बसलेय हे वाचून यावलमधल्या माझ्या ओळखीच्या बायका हसणार, हे मला ठाऊक आहे. हसा! पण ही गोष्ट मासे पकडणाऱ्या बाईची नाहीच. आयुष्यात मासेमारीच्या नादाला न लागलेल्या, तरीही त्या जगात नाव कोरून गेलेल्या एका बाईची आहे.

झालं असं, की दिवाळीत माझा भाचा आला होता. शहरात नोकरी करतो. त्याने खिशातून एक चपटी डबी काढून माझ्या हातात दिली. उघडून बघते तो काय, आत ओळीने कानातले डूल लावलेले! निळे, पिवळे, काळे, मधूनच जरीची बारीक रेघ. मी एक उचलून कानाला लावून बघणार तेवढ्यात तो ओरडला, कारण त्या डुलाला खाली अणकुचीदार गळ होता. ते डूल नव्हतेच. माशाला फसवण्यासाठी पिसं आणि रेशीम गुंडाळून केलेल्या त्या खोट्या माश्या होत्या. इंग्रजीत त्याला फ्लाय म्हणतात, आणि त्या तयार करण्याला माशी बांधणं.

आपल्याकडे तापीच्या काठावर गळ टाकून बसलेली माणसं आपण लहानपणापासून बघतो. गळाला गांडूळ नाहीतर कणकेची गोळी लावायची, दोरीला वजन बांधायचं आणि वाट बघत बसायचं. या माशीच्या मासेमारीत मात्र सगळं उलटं. गळाला खायचं काहीच नाही, नुसती पिसं. ती इतकी हलकी की फेकली तरी पुढे जात नाहीत, म्हणून वजन दोरीतच असतं. लवचीक काठीने ती जाड दोरी हवेत पुढे-मागे झुलवायची आणि माशी अलगद पाण्यावर उतरवायची. परदेशात या छंदाचे क्लब आहेत. लंडनचा फ्लायफिशर्स क्लब तर १८८४ सालचा. सभासद जमतात, आपापल्या बांधलेल्या माश्या एकमेकांना दाखवतात, कुठलं पीस कुठे लावलं यावर तासन्‌तास वाद घालतात. आपल्याकडेही हौशी गळवाल्यांची संघटना आहे. मुंबईच्या पवई तलावावरची महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशन जुनी आहे. भाचाही अशाच चार मित्रांच्या नादाने यात पडलेला. पकडलेला मासा ते परत पाण्यात सोडून देतात म्हणे. मग पकडता कशाला, असं मी विचारलं, त्यावर तो नुसता हसला.

नंतर त्याने टेबलाच्या कडेला एक छोटी पकड बसवली, तिच्यात गळ अडकवला आणि माझ्यासमोर माशी बांधायला घेतली. मी बघतच राहिले. रेशमाचा दोरा ताणून धरायचा, वेढ्याला वेढा चिकटून बसला पाहिजे, मध्ये फट नको, वर चढ नको. अहो, हे तर आपलंच काम! भरतकाम केलेल्या कुठल्याही बाईला हे बघताक्षणी कळेल. मी तसं म्हटल्यावर त्याने मला मेगन बॉयडबद्दल सांगितलं. तो गेला, आणि मी मिळेल तिथून तिच्याबद्दल वाचत बसले.

मेगन जन्मली २९ जानेवारी १९१५ रोजी, इंग्लंडमध्ये. ती तीन वर्षांची असताना वडिलांना स्कॉटलंडच्या अगदी वरच्या टोकाला, सदरलंड भागात ब्रोरा नदीवर राखणदाराची नोकरी लागली आणि कुटुंब तिकडे गेलं. नदीचा राखणदार म्हणजे काय, हा प्रश्न मलाही पडला होता. तिकडे सॅमन नावाच्या माशाच्या नद्या मोठमोठ्या जमीनदारांच्या मालकीच्या असत. चोरून मासे धरणाऱ्यांवर नजर ठेवायला माणसं ठेवलेली असत. श्रीमंत पाहुणे दूरदूरहून गळ घेऊन यायचे, त्यांची सरबराईही हीच माणसं करायची. थोडक्यात, मोठ्यांच्या खेळाच्या कडेला राहणारं हे गरीब घर.

बारा-एक वर्षांची असताना वडिलांच्या ओळखीच्या बॉब ट्रस्लर नावाच्या राखणदाराने तिला माशी बांधायला शिकवलं. त्याची शिकवण्याची तऱ्हा मला फार आवडली. तो आपली बांधलेली माशी तिच्या हातात द्यायचा आणि सोडवायला लावायचा. एकेक वेढा, एकेक पीस सुटं करायचं. मग तेच सामान वापरून तीच माशी पुन्हा बांधायची, पण आधीपेक्षा लहान गळावर. ते जमलं की त्याहून लहान. आपल्या आजीनेही आपल्याला असंच नव्हतं का शिकवलं? जुन्या स्वेटरची वीण उसवून उसवून!

वयाच्या विसाव्या वर्षी, म्हणजे १९३५ च्या सुमारास, मेगन ब्रोराजवळच्या किंट्राडवेल इथल्या एका छोट्या घरात राहायला गेली. समुद्राकडे तोंड करून उभं असलेलं घर. तिथे ती थोडीथोडकी नाही, त्रेपन्न वर्षं राहिली. एकटी. लग्न केलं नाही. घरात नळ नव्हता. वीज आली ती १९८५ मध्ये, म्हणजे ती सत्तर वर्षांची झाल्यावर! घराशेजारी पत्र्याच्या छपराची एक शेड होती, तिच्यात खिडकीपाशी टेबल मांडून ती दिवसाचे चौदा-चौदा तास काम करायची. डिसेंबरात तिकडे दिवस असतो जेमतेम सहा-साडेसहा तासांचा. बाकीचं काम दिव्याच्या उजेडात. हे वाचताना माझ्या डोळ्यांपुढे आमच्या यावलचा भारनियमनाचा काळ आला. तेव्हा आमच्या गटातल्या बायका कंदिलाच्या उजेडात टिकल्या टाचायच्या.

आता ती करायची काय, हे जरा नीट सांगते, कारण सगळी गंमत तिथेच आहे. सॅमनच्या माश्यांचे ठरलेले नमुने असतात, आपल्याकडे पैठणीच्या पदराचे असतात तसे. त्यातला सर्वांत गाजलेला जॉक स्कॉट. १८५० च्या सुमाराचा हा नमुना ज्या नोकराने बसवला, त्याचंच नाव त्याला मिळालं. (मालकाचं नाही, नोकराचं! असं किती वेळा होतं?) त्याच्या अंगाचा अर्धा भाग पिवळ्या रेशमाचा, अर्धा काळ्या. त्यावरून चंदेरी कलाबूत सारख्या अंतराने फिरवलेली. शेपटीला सोनेरी फेझंट पक्ष्याच्या तुऱ्याचं पीस. आणि पंख? ते तर कमालच. वेगवेगळ्या रंगांच्या पिसांमधून दोन-चार धाग्यांएवढ्या बारीक पट्ट्या सोडवून घ्यायच्या आणि बोटांनी कुरवाळून एकमेकींना जोडायच्या. पिसाच्या धाग्यांना डोळ्यांना न दिसणारे आकडे असतात, त्यामुळे दोन वेगळ्या पक्ष्यांच्या पट्ट्या चेनसारख्या एकमेकींत अडकतात आणि एकच रंगीबेरंगी पीस तयार होतं. या जोडणीला ते लोक पिसांचं लग्न लावणं म्हणतात. डिंक नाही, सुई नाही. सगळं बांधून झालं की डोक्यावर वार्निशचा थेंब. आणि हे सारं बोटाच्या पेराएवढ्या, कधी त्याहून लहान गळावर.

यातली आणखी एक मजेची गोष्ट ऐका. समुद्रातून नदीत अंडी घालायला आलेला सॅमन खातच नाही. त्याचा उपासच असतो म्हणा ना! मग तो या माशीला तोंड का मारतो? रागाने, सवयीने की कुतूहलाने, यावर जाणकारांचं आजही एकमत नाही. म्हणजे त्या माशीला खऱ्या कुठल्याच किड्यासारखं दिसायची गरज नाही. ती नुसती सुंदर असते. माझ्या मते ती माशापेक्षा माणसालाच जास्त भुलवते.

आणि या सौंदर्यात आपलाही वाटा आहे. जॉक स्कॉटच्या दोन्ही बाजूंना, डोळ्यांच्या जागी, एकेक पीस लावतात. काळसर पिसावर मेणाचा थेंब सांडावा तसा चमकदार ठिपका. हे पीस आपल्या राखी रानकोंबड्याच्या मानेचं. हा पक्षी जगात फक्त भारतात सापडतो, दक्षिणेकडच्या आणि आपल्या महाराष्ट्रातल्या रानांत. सह्याद्रीत पहाटे फिरलेल्यांनी त्याची बांग ऐकली असेल. त्याच्या मानेच्या कातड्या बोटीत भरभरून विलायतेला जायच्या. १९०२ मध्ये सरकारने पिसांच्या निर्यातीवर बंदी घातली, १९७२ च्या वन्यजीव कायद्याने त्याला आणखी संरक्षण मिळालं. पुढे तिकडच्या लोकांनी हे कोंबडे आपल्याकडेच पाळून पिसं मिळवायला सुरुवात केली. बाकीच्या पक्ष्यांचीही तीच कथा. एका लाल पिसाला तर ते लोक इंडियन क्रो म्हणतात. नावात इंडियन आहे आणि क्रोही आहे, पण तो पक्षी दक्षिण अमेरिकेतला, आणि कावळाही नव्हे! अशा दुर्मिळ पिसांचा हव्यास माणसाला कुठवर नेतो बघा. २००९ मध्ये इंग्लंडमधल्या ट्रिंग इथल्या संग्रहालयातून पक्ष्यांच्या जतन केलेल्या २९९ कातड्या चोरीला गेल्या. चोर निघाला संगीत शिकणारा, माशा बांधायचं वेड असलेला एक तरुण. असल्या छंदाचं मला तरी कौतुक वाटत नाही. हल्ली बरेच जण साध्या कोंबडीची, बदकाची पिसं रंगवून वापरतात, ते बरं.

असो. मेगनकडे वळते.

ती दिसायची कशी? केस स्वतःच कापलेले, आखूड. अंगात पुरुषी शर्ट, कोट आणि टाय, खाली स्वतः शिवलेला स्कर्ट आणि पायांत सैनिकी बूट. त्या काळात, त्या एवढ्याशा गावात! लोक काय म्हणतील याची तिने पर्वा केली नाही, आणि गावानेही तिला आपलं म्हटलं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ती गावात दुधाचा रतीब घालायची आणि समुद्रकिनाऱ्यावर पहाऱ्याचं कामही करायची. पत्त्यांतला ब्रिज खेळायला आणि स्कॉटिश नाचाला जायला तिला फार आवडायचं. एकटी बाई म्हणजे बिचारी, असं आपण पटकन समजतो. मीसुद्धा समजते, खोटं कशाला बोलू? पण मेगनचं वाचताना कुठेही बिचारी हा शब्द मनात आला नाही.

स्वतः मात्र तिने मासेमारीचा नाद धरला नाही. माशाचा जीव घ्यायची कल्पनाच तिला सहन व्हायची नाही. यात विसंगती आहे, हे मलाही दिसतं. तिच्या हातच्या माशीने किती सॅमन गेले असतील, त्याचा हिशेब कोण ठेवणार? कदाचित तिने तो स्वतःशी कधी मांडलाही असेल. तिच्या मनातलं आपल्याला काय कळणार? मी तिला संत करायला बसलेले नाही.

हळूहळू तिच्या माश्यांची कीर्ती देशोदेशी गेली. पत्र्याच्या शेडमध्ये जगभरातून पत्रं यायला लागली. गिऱ्हाइकांत इंग्लंडचे युवराज चार्ल्स होते. तेच २०२२ मध्ये राजे झाले. ते तिच्याकडे यायचे, बसायचे, त्यांची चांगली मैत्री जमली होती. मागणी इतकी की लोकांना वर्षानुवर्षं थांबावं लागायचं.

१९७१ मध्ये तिला ब्रिटिश एम्पायर मेडल जाहीर झालं. राणीकडून समारंभाचं बोलावणं आलं. आणि बाईंनी उलट कळवलं, त्या दिवशी माझ्या कुत्र्याकडे बघायला कोणी नाही, मला येता येणार नाही! ती वारली तेव्हा वर्तमानपत्रांनी ही हकीकत आवर्जून छापली. पुढे युवराजांनीच तिकडे आल्यावर ते पदक तिला दिलं. मला या गोष्टीत उद्धटपणा दिसत नाही. ज्या बाईच्या घरात सांभाळायला दुसरं माणूस नाही, तिला ही अडचण खरीच असते. आपल्यातल्या किती जणींनी म्हशीची धार काढायला कोणी नाही म्हणून माहेरचं लग्न चुकवलंय, आठवून बघा.

आता मला खटकलेली गोष्ट सांगते. मेगन आपल्या माशीची किंमत फार कमी ठेवायची. वाढवायला तिचं मन धजायचं नाही. नदीवर खरोखर गळ टाकणाऱ्या साध्या माणसाला परवडली पाहिजे, असं तिचं म्हणणं असायचं. आणि तिकडे अमेरिकेतले हौशी लोक तीच माशी घेऊन काचेच्या चौकटीत लावायचे. आज तिच्या हातची माशी संग्राहकांच्या बाजारात तिने घेतलेल्या पैशांच्या कितीतरी पट किमतीला जाते. त्यातला छदामही त्या पत्र्याच्या शेडपर्यंत पोहोचला नाही.

हे वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. कारण आमच्या बचत गटात मी हेच भांडण गेली कित्येक वर्षं भांडतेय. आमच्यात एक बाई आहे, नाव घेत नाही, पण तिचं आरसेकाम असं की उलटी बाजू कुठली ते ओळखू येत नाही. शहरातल्या एका व्यापाऱ्याने तिच्याकडून उशांचे अभ्रे करून घेतले आणि दर नगाला जे दिलं, त्याच्या दसपट किमतीची चिठ्ठी मी नंतर एका प्रदर्शनात त्याच अभ्र्यावर लावलेली पाहिली. मी तावातावाने तिला सांगायला गेले. तर ती म्हणे, मॅडम, दोरा धरून माझे पैसे सुटले, मग भांडायचं कशाला? तिने वेळ धरलाच नव्हता. डोळे धरले नव्हते. बायका कच्च्या मालाचा हिशेब पैशापर्यंत करतात आणि स्वतःला त्यात मोजतच नाहीत.

मग मेगनही तशीच होती का? मी खूप विचार केला. मला वाटतं, थोडा फरक आहे. आमच्या त्या बाईला दुसरा दर माहीतच नव्हता. मेगनला होता. दारात राजपुत्र येत असताना आपल्या कामाचं मोल काय, हे तिला कळत नसेल असं कसं म्हणू? तिने ठरवून कमी घेतलं. तो तिचा अधिकार. तरीपण, तिने थोडे जास्त घेतले असते तर नळाचं पाणी घरात आधी आलं असतं, असं माझं बायकी मन म्हणतंच.

आणि डोळे. त्यांचं मोल मात्र तिने चुकवलं. वयाबरोबर नजर मंदावत गेली आणि १९८८ मध्ये, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी तिने काम थांबवलं. किंट्राडवेलचं घरही सोडलं. साठ वर्षं बोटं ज्या वेढ्यांना सरावली, ते वेढे दिसेनासे झाल्यावर तिने दिवस कसे काढले असतील? बाहेर पडायची, नाच आणि पत्ते होते, माणसं होती, म्हणून निभावलं असणार. १५ नोव्हेंबर २००१ रोजी जवळच्याच गोल्स्पी गावातल्या शुश्रूषागृहात ती गेली. वय शहाऐंशी. आयुष्यभर त्या टोकाच्या गावाबाहेर फारशी न गेलेल्या बाईवर न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्राने मृत्युलेख छापला. २०१३ मध्ये तिच्यावर किस द वॉटर नावाचा माहितीपटही निघाला.

माशी बांधण्याच्या जगात नाव काढलेली ती काही एकटीच बाई नव्हे. तिच्या आधी अमेरिकेत मेरी ऑर्विस मार्बरी होऊन गेली. वडिलांच्या कारखान्यात माश्या बांधणाऱ्या बायकांच्या विभागाची ती प्रमुख होती. एकाच माशीला दहा गावांत दहा नावं असायची. तो घोळ तिने निस्तरला आणि १८९२ मध्ये माश्यांवर रंगीत चित्रांचं जाडजूड पुस्तक काढलं. तिच्याबद्दल पुन्हा कधीतरी सवडीने लिहीन.

भाचा जाताना एक माशी माझ्यासाठी ठेवून गेला. गेल्या बैठकीला मी ती गटात नेली. हातोहात फिरली. गळाचं टोक टोचेल म्हणून एकीने त्याला गव्हाच्या पिठाची गोळी लावली, म्हणजे नकळत खरं आमिषच लावलं की! खूप हसलो. आरसेकाम करणारी ती बाई मात्र हसली नाही. खिडकीपाशी जाऊन उजेडात बराच वेळ बघत राहिली. दोऱ्याचा शेवट कुठे लपवलाय ते तिने शोधून काढलं. मग परत येऊन मला विचारलं, ही एक बांधायला किती तास लागतात?

मी तिला खरं ते सांगितलं. तिने बोटांवर काहीतरी हिशेब केला आणि पुढच्या ऑर्डरचा कागद माझ्याकडून मागून घेतला.